येतो म्हणालेला राजा

गोष्ट लिहा, गोष्ट लिहा म्हणून सूनबाईनं डोकं उठवलंय. वाचनालयाचा अंक निघायचाय म्हणे, आणि पानं भरत नाहीत. नाही भरत तर तंबाखूची जाहिरात घाला. मी चौथीतून उठलेला माणूस, ऱ्हस्व-दीर्घ मला विचारू नका. शिवाय ज्यानं ही गोष्ट वाचायला हवी तो वाचणार नाही, हेही ठाऊक आहे. तरी बसलोय. मध्ये कुणाला चहा विचारायचा तर विचारा, दुसरं काही विचारू नका.

एका राज्यात जयकेतू नावाचा राजा होता, पण नावानं त्याला कुणी ओळखत नसे. सकाळी दरबार भरला की चोपदार काठी आपटून ओरडे, "व्याघ्रमर्दन महाराजांचा विजय असो!" सिंहासनामागं भिंतीवर वाघाचं कातडं होतं, शेपटापासून मिशांपर्यंत अखंड. तरुणपणी राजा एकटा अरण्यात गेला आणि एका भाल्यात वाघ लोळवून आला, ही हकीकत राज्यातली पोरंसोरं सांगत. राजा मिशीवर हात फिरवी. पण चोपदार ओरडला की त्याच्या पोटात, बरोब्बर बेंबीच्या मागं, काहीतरी टोचे. वैद्यानं ओवा दिला. गुण आला नाही.

बाकी राजा वाईट नव्हता. लढाईत पुढं असे, न्याय बरा करी, आणि मुलीवर त्याचा जीव होता. मुलीचं नाव केवडा. ती हसली की राजा दरबारातल्या भांडणाचा निकाल उद्यावर टाकी.

त्या राज्यावर शाप होता. आपल्याकडं घरातून निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही. जातो म्हणजे गेलाच. 'येतो' म्हणायचं, मग उंबरा ओलांडायचा. त्या राज्याचीही तीच रीत. पण मागं एकदा धोंडाई नावाची म्हातारी चेटकीण भर दरबारात आली आणि शाप देऊन गेली. त्या दिवसापासून जो 'येतो' म्हणून बाहेर पडे, तो परत येत नसे. शेताला गेलेला येईना, बाजाराला गेलेली येईना. लोकांना उमगलं तेव्हा त्यांनी तो शब्दच सोडला. 'जातो' म्हणायला जीभ रेटेना. मग माणसं न बोलता, चोरासारखी सटकू लागली. आया पाठ फिरवून उभ्या राहत. माहेरवाशिणी येईनात. कुणाकडं पाहुणा नाही, तर कावळ्यानं तरी कुणाची वर्दी द्यायची? राजवाड्याच्या कौलांवरचा म्हातारा कावळा नुसता बसून राही.

शाप का पडला? प्रधान म्हणे, शत्रूचं कारस्थान. राजाला विचारायची कुणाची छाती नव्हती, आणि कारण पक्कं ठाऊक होतं ते फक्त राजाला.

एके सकाळी आंब्याला मोहोर आला. वाड्यामागच्या आमराईत कोकिळा ओरडली, तशी केवडा हुरळली. धावत सुटली, आणि दारातून वळून म्हणाली, "बाबा, येते हं!"

राजाच्या हातातला विडा गळला. आमराई हाकेच्या अंतरावर. पोर तिथवर पोचलीच नाही.

चारी दिशांना घोडेस्वार गेले. न बोलता गेले, म्हणून परत तरी आले. रिकामे आले. राजा अंगणातल्या पायरीवर मुकुट काढून बसला. तेव्हा कौलांवरचा कावळा उतरला आणि बोलला. जुना कावळा होता, बोलणं शिकायला त्याला सवड मिळाली होती.

"राजा, घोडे दमवू नकोस. पोरगी धोंडाईच्या घरी आहे."

राजाच्या बेंबीमागं कळ आली. "वाट ठाऊक आहे, काकोबा?"

"मला आहे. तुलाही होती."

"सैन्य घेतो."

"सैन्य राहू दे. तलवार, मुकुट आणि ती वाघाची पदवी, तिन्ही इथं ठेव. मग चल."

राजानं तिन्ही ठेवलं. राणी दारात आली. "येतो म्हणा," ती म्हणाली. "म्हणू नये, कळतंय मला. पण असं मुक्यानं जाऊ नका हो."

राजानं तोंड उघडलं. छातीवर बाण झेललेला माणूस, पण दोन अक्षरं बोलवेनात. "जातो," तो पुटपुटला आणि मान खाली घालून निघाला. कावळा काहीतरी बोलणार होता, पण त्यानं चोच मिटली.

चालता चालता नदी लागली. पाणी काळंभोर, नाव नाही. काठावर बाजेएवढं कासव पडलेलं, आणि पलीकडच्या खडकावर बायका धुणं धूत होत्या.

"पलीकडं ने," राजा म्हणाला.

"नेईन. तुला काय येत नाही ते सांग."

"आम्हांला सर्व येतं."

कासवानं मान आत घेतली. राजानं टिचकी मारली, विनवणी केली, दमही दिला. कासव दगडासारखं पडून राहिलं.

"बरं, रांगोळी काढता येत नाही."

कासवानं पाठीवर घेतलं, थोडं पाण्यात नेलं, आणि बुडी मारली. राजा नाकातोंडात पाणी जाऊन, चिखल खाऊन काठाला लागला. कासव वर येऊन म्हणालं, "रांगोळीचं काय सांगतोस? झाकलेलं सांग."

राजानं पलीकडच्या बायकांकडं पाहिलं. त्यांनी धुणं थांबवलं होतं. कान इकडंच. राजा हळूच म्हणाला, "पोहता येत नाही."

"मोठ्यानं बोल. मी बहिरं आहे."

"मला पोहता येत नाही!" राजा ओरडला. "जलविहाराला जातो तेव्हा नावेच्या मधोमध बसतो, आणि काठावर ऊन लागतं म्हणून सांगतो!"

बायका खो खो हसल्या. एक पदरानं डोळे पुसत ओरडली, "अहो भाऊ, त्यात काय एवढं? आमच्या धन्यालाही येत नाही. आणि तो कोळी आहे!"

राजाला वाटलं होतं आभाळ कोसळेल. कोसळलं नाही. कासवानं त्याला पलीकडं उतरवलं, आणि त्या बाईनं ओलं अंग पुसायला कोरडं लुगडं पुढं केलं.

पुढं एक गाव लागलं. विहिरीवर रांग होती, घागरी मांडलेल्या, आणि रांगेच्या तोंडाशी एक राक्षस. ताडाएवढा. त्यानं एका लेकुरवाळीची घागर पायानं सारली आणि आपला हंडा पुढं दामटला. सगळ्यांनी माना खाली घातल्या. जो तो आपल्या पायाचा अंगठा बघू लागला. आणि राजाला स्पष्ट दिसलं, माना खाली जाताच राक्षसाच्या खांद्यातून आणखी एक हात फुटला.

"हा कुठून आला?" राजानं कावळ्याला विचारलं.

"आला नाही. इथलाच आहे. आधी साधा माणूस होता, थोडा आडदांड. पहिल्या दिवशी कुणी बोललं नाही."

राजाचा हात कमरेला गेला. कमरेला तलवार नव्हती.

इथं मला एक सांगायचंय. तलवार उपसायला धाडस लागतं म्हणतात. लागत असेल, मी उपसली नाही. पण मागं फौज उभी असते, पुढं भाट गाणार असतो. रांगेतल्या माणसाला मागं कोण? तहान लागलेली चार माणसं, तीही मनात म्हणत असतात, कशाला भानगड, जाऊ दे.

राजा पुढं झाला. "अहो," तो म्हणाला. आवाज चिरका निघाला. घसा खाकरून पुन्हा म्हणाला, "अहो, त्या ताईची घागर आधी होती."

राक्षस वाकला. त्याच्या श्वासानं राजाचे केस मागं उडाले. "तू कोण?"

व्याघ्रमर्दन म्हणावं असं जिभेच्या टोकावर आलं. पण पदवी घरी राहिली होती. "रांगेतला आहे," राजा म्हणाला. "शेवटचा. पण घागर तिचीच आधी होती."

राक्षसानं मूठ उगारली. राजानं डोळे मिटले. तेवढ्यात मागून एक म्हातारा किरकिरला, "बरोबर बोलतोय तो. मी बघितलंय." मग दुसरी बाई म्हणाली, "रोजचंच झालंय याचं." मग तिसरी. मग जो गलका उठला, विहिरीवरची कबुतरं उडाली. राजानं डोळे उघडले तर राक्षस मांजराएवढा झाला होता, आणि स्वतःच्याच हंड्यात पडून बाहेर निघायला धडपडत होता. लेकुरवाळीनं त्याला मानगुटीला धरून काढलं आणि रांगेच्या शेवटी उभं केलं. तिथं तो उभा राहिला. आता पाणी भरतो म्हणे नियमानं.

गाव मागं पडलं, अरण्य सुरू झालं. एका जांभळीखाली राजा थबकला. खोडावर हात ठेवून उभा राहिला.

"ओळखलंस झाड?" कावळा म्हणाला.

"ओळखलं."

"मग सांग आता. मी तेव्हा याच फांदीवर होतो, तरी तुझ्या तोंडून ऐकायचंय."

राजानं सांगितलं. तो युवराज होता, मिसरूड फुटलेला पोरगा. शिकारीत साथीदारांपासून चुकला आणि याच जांभळीखाली बसून भोकाड पसरून रडला. लाकडं वेचणारी एक म्हातारी आली. तिनं हाताला धरून घरी नेलं, चुलीपुढं बसवलं, गरम भाकरी आणि पिठलं वाढलं. कांदा बुक्कीनं फोडून दिला. तिच्या परसात एक वाघ मरून पडला होता, म्हातारपणानं. ती म्हणाली, "कातडं हवं तर ने बाबा, मला काय करायचंय?" निघताना युवराज म्हणाला, "आजी, येतो."

शिवेवर साथीदार भेटले. कातडं बघून एकानं विचारलं, "तुम्ही मारलात?" आणि हा पोरगा नाही म्हणाला नाही. एवढंच. नाही म्हणाला नाही.

"आणि ती वाट बघत राहिली," कावळा म्हणाला.

"राहिली. पोरगा राजा झालाय, व्याप असतील म्हणून थांबली. वर्षं गेली. शेवटी तिला वाटलं, आजारी तर नसेल? फडक्यात भाकरी बांधून चालत दरबारात आली. त्या दिवशी परदेशचे राजे बसले होते. मागं कातडं टांगलेलं. ती म्हणाली, 'बाळा, ओळखलंस का?' आणि मी म्हणालो, 'ही कोण? आम्ही ओळखत नाही.'"

पुढचं सगळ्या राज्याला ठाऊक होतं. म्हातारीनं भाकरी उंबऱ्यावर ठेवली आणि म्हणाली, "येतो म्हणाला होतास. हा शब्द तू पोकळ केलास. तुझ्या राज्यात त्याला आता घर उरणार नाही."

जांभळीमागं एक गुहा होती, खजिन्यानं भरलेली. राजानं मोहरांकडं पाहिलंही नाही, त्या त्याच्या घरी होत्या. पण मधोमध चौरंगावर एक जुनं पागोटं होतं, आणि ते बोलत होतं. "मला डोक्यावर ठेव. तू ज्याचं वाईट केलंस, तो ते विसरेल. कायमचं."

राजानं कावळ्याकडं वळून पाहिलं. "धोंडाईही विसरेल?"

"विसरेल."

"मग शाप?"

"ज्याची आठवणच नाही, त्याचा शाप कसला? सुटेल. पोरगी घरी येईल. वाघ तुझाच राहील."

"यात मेख काय?"

"मेख नाही," कावळा म्हणाला. "खरंच नाही. पागोटं चांगलं आहे."

राजानं पागोटं उचललं. हलकं होतं, उबदार होतं. कपाळापर्यंत नेलं. केवडा आमराईतून धावत येताना दिसली त्याला. कोण सोडेल? मी तरी घातलं असतं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात त्याच्या जिभेला ती भाकरी आठवली. करपलेल्या पापुद्र्याची चव. म्हातारी विसरली तर एका रडणाऱ्या पोराला हाताला धरून घरी नेलं, चुलीपुढं बसवलं, हे तीही विसरणार. आयुष्यात तिनं केलेली ती चांगली गोष्ट तिच्याच हातून जाणार. आणि घेऊन जाणारा कोण? ज्यानं ती भाकरी खाल्ली तोच.

"एकदा तिचं कातडं नेलं," राजा म्हणाला. "आता हेही नेऊ?"

त्यानं पागोटं चौरंगावर ठेवलं. पागोटं फार शिव्या देत होतं. राजा उघड्या डोक्यानं बाहेर पडला.

समोरच धोंडाईचं घर. आणि अंगणात ही गर्दी! शेताला गेलेला इथं, बाजाराला गेलेली इथं, राजाचा हरवलेला सेनापती पाणी शेंदतोय, पुरोहित कांदे चिरून रडतोय. पडवीत चूल, चुलीपुढं धोंडाई, कोपरापर्यंत पिठानं माखलेली, तोंडाचा पट्टा चालू. तिच्या शेजारी केवडा तव्यावरची भाकरी उलटत होती. भाकरीचा नकाशा झाला होता.

"आलास?" धोंडाई वर न बघता म्हणाली. "बरी सवड झाली. लेका, मी तुला शाप दिला, तो फिरला माझ्यावरच! 'येतो' म्हणालेल्याची वाट या एकाच घरात बघितली जात होती. मग जो 'येतो' म्हणेल तो इथंच येऊन धडकायला लागला. हात मोडले माझे भाकऱ्या थापून."

"मग त्यांना जाऊ का दिलं नाहीस?"

"अडवलंय कुणी? जेवतात, हात धुतात, आणि दारात वळून म्हणतात, 'येतो हं, आजी.' संध्याकाळी पुन्हा इथंच."

"एकानं तरी 'जातो' म्हणायचं," राजा म्हणाला.

सेनापती खाली बघत म्हणाला, "महाराज, जिच्या हातचं खाल्लं तिला जातो कसं म्हणायचं?"

राजा कावळ्याकडं वळला. "म्हणजे घरून निघताना मी 'येतो' म्हणालो असतो तर?"

"थेट इथं पोचला असतास. दुपारच्या जेवणाला."

"सांगितलं का नाहीस?"

"चोचीत आलं होतं. पण लवकर पोचून केलं काय असतंस? पुढचा शब्द तुला येत होता कुठं?"

सगळं अंगण राजाकडं बघत होतं. केवडा उलथनं हातात धरून बघत होती. राजानं छाती पुढं काढली. "धोंडाबाई, आम्हांकडून अनवधानानं जो प्रमाद..."

"आम्ही म्हणजे कोण कोण?" धोंडाई म्हणाली. "मला तर एकटाच दिसतोस."

राजाची छाती खाली आली. तो पिठात मांडी घालून बसला, त्या दिवशी बसला होता तसा.

"मी," तो म्हणाला. "वाघ मी मारला नाही. तो म्हातारपणानं मेला. मी जांभळीखाली रडत होतो. या आजीनं मला घरी आणून जेवू घातलं. मी येतो म्हणालो आणि आलो नाही. ती माझ्या दारात भाकरी घेऊन आली, आणि मी तिला ओळख दाखवली नाही. माझ्यामुळं तुम्ही सगळे घरांना मुकलात. आजी, मी चुकलो."

चूल तडतडली. बेंबीमागं टोचत होतं ते थांबलं. पुन्हा कधी टोचलं नाही.

केवडा म्हणाली, "बाबा, तुम्ही रडत होता? मोठ्यानं?"

"खूप मोठ्यानं."

"आणि मला म्हणायचात, राजाची मुलगी रडत नाही!" पोरीनं उलथनं टाकलं आणि बापाच्या गळ्यात पडली.

धोंडाईनं पदराला हात पुसले, डोळेही पुसले. धूर होता चुलीचा. मग फळीवरची टोपली उचलली. खाली एक ताट झाकलेलं होतं. भाकरी, पिठलं, बुक्कीनं फोडलेला कांदा. भाकरीतून वाफ निघत होती. चेटकिणीचंच घर ते.

"जेव," ती म्हणाली. "फार वर्षं झाकून ठेवलंय."

राजा जेवला. मग एकेक माणूस उठला, धोंडाईच्या पाया पडला, "येतो, आजी" म्हणाला, आणि ज्याच्या त्याच्या वाटेनं ज्याच्या त्याच्या घरी पोचला. राज्यभर दारं उघडली. आयांनी भाकरीचे तुकडे ओवाळून टाकले. राणी उंबऱ्यातच उभी होती. भिंतीवरचं कातडं उतरलं, ते धोंडाईच्या पडवीत तिला बसायला गेलं. चोपदार आता नुसतं "जयकेतू महाराज आले हो" असं ओरडतो, आणि राजा नुसता येऊन बसतो.

निघताना राजाही म्हणाला होता, "आजी, येतो." पुढल्याच बाजाराच्या दिवशी कावळा धोंडाईच्या छपरावर बसून ओरडला. म्हातारीनं पीठ भिजवायला घेतलं. वाटेवर राजा होता, खांद्यावर केवडा, आणि हातात भाकरीचं फडकं. त्यानं स्वतः थापलेल्या होत्या. खाण्यासारख्या नव्हत्या. धोंडाईनं खाल्ल्या.

संपली गोष्ट. राजा होता तरी पिठात बसून चुकलो म्हणाला. आमच्या आळीत एक माणूस आहे, त्याला मुकुटही नाही आणि कातडंही नाही, तरी म्हणवत नाही. माझ्या लेकीच्या लग्नात जिलबी कमी पडली असं त्यानं गावभर सांगितलं. जिलबीची परात त्याच्याच मांडीमागं होती. भांडण झालं, तणतणत निघाला, पण दारातून सवयीनं "येतो" म्हणाला, हे मी या कानांनी ऐकलंय. काल सकाळपासून कावळा आमच्या पत्र्यावर ओरडतोय. मी काही भाकरी झाकून ठेवलेली नाही, उगाच भलतं समजू नये. चहाला दूध तेवढं जास्त घ्यायला सांगितलंय. दार उघडंच असतं. ये म्हणावं, रंगा घोलप.